गच्चीवरचा मुका वॉकीटॉकी

मी वॉकीटॉकी बोलतोय. वाक्य साधंच आहे, पण ते माझ्या तोंडून निघेपर्यंत काय काय झालं हे ऐकलंत, तर तुम्ही मला आधी बसायला पाट द्याल. चार दिवस मी मुका होतो. ऐकायला सगळं येत होतं, तळमजल्यावर कुणी शिंकलं तरी कळत होतं, पण बोलायला एक अक्षर येईना. ऐकायचं, पोटात ठेवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा नसते.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. आम्ही जुळे. मी थोरला, तो धाकटा, आणि आमच्यात अंतर काय ते अर्ध्या मिनिटाचं. पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी मला उचलून "हॅलो" म्हटलं, मग धाकट्याला उचलून "हॅलो" म्हटलं. त्या दिवशी त्यांनी तीनशे जणांना हॅलो केलं. माणसांना एवढा एकच शब्द येतो अशी माझी तेव्हा समजूत झाली होती.

आम्हाला एक संस्कार मात्र तिथेच मिळाला. आम्हा दोघांत बोलण्याची वाट एकच. धाकटा बोलत असेल तर मी मधे तोंड घालायचं नाही. त्या वेळी माझं बटण कुणी कितीही दाबलं, तरी मी नुसतं "टुक टुक" करून गप्प राहायचं. म्हणजे आधी त्याचं होऊ दे, मग आपलं. पुढे मी माणसांच्या घरात राहायला गेलो तेव्हा कळलं, की हा संस्कार फक्त आमच्याच कारखान्यात करतात.

एका सोमवारी संध्याकाळी आम्हाला एका गृहस्थांनी विकत घेतलं. दुकानदाराने समजावून सांगितलं, "दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. बस्स, एवढंच."

"आणि ऐकायला काय दाबायचं?" गृहस्थांनी विचारलं.

"काही नाही. सोडायचं."

"सोडायचं म्हणजे काय दाबायचं?"

दुकानदाराने एकदा छताकडे पाहिलं आणि आम्हाला खोक्यात भरलं.

हे गृहस्थ म्हणजे मास्तरांचे चिरंजीव. आणि मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. चाळीस वर्षं दुकान चालवलं, आता वय झालं म्हणून बंद केलं. दुकान बंद केलं, मशीन नाही. तीन मजली इमारत. तळमजल्यावर चिरंजीव आणि सूनबाई, मधल्या दोन मजल्यांवर दुसरी बिऱ्हाडं, आणि वर गच्चीवर एक खोली. त्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली मास्तरांचं पायमशीन, आणि मशीनमागे मास्तर. खोलीत पलंग आणि कपाटही होतं, पण ते पाहुण्यांसारखे भिंतीला चिकटून उभे असत.

मास्तरांचा गुडघा जिने चढायला राजी नव्हता. चोपन्न पायऱ्या. म्हणून जेवणाचा डबा पिशवीत घालून दोरीने वर यायचा आणि रिकामा डबा तसाच खाली जायचा. कठड्याला कप्पी बसवून ही सोय मास्तरांनीच केली होती, आणि पिशवीही त्यांनीच शिवली होती, दुहेरी अस्तराची. कुठेही कमी नाही.

कमी पडलं ते महिन्यापूर्वी. पाण्याच्या टाकीजवळ मास्तर पाय घसरून पडले आणि दीड तास तिथेच पडून राहिले. शेजारच्या इमारतीतल्या वहिनी त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या म्हणून कळलं. मोबाइल नव्हता का? होता. टाकीत किती पाणी आहे हे वाकून बघताना तो आत पडला. दुसरा आणला, तोही त्याच टाकीत गेला. तिसरा आणायच्या ऐवजी चिरंजीवांनी आम्हाला आणलं, दोरी लावून गळ्यात अडकवायला.

मला वर ठेवलं, धाकट्याला खाली स्वयंपाकघरात फ्रिजवर. चिरंजीवांनी मास्तरांसमोर उभं राहून अट सांगितली.

"बाबा, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला मी हाक मारणार. तुम्ही फक्त 'ठीक आहे' म्हणायचं. तीनदा उत्तर आलं नाही, तर तुम्ही खाली राहायला यायचं."

"आणि मशीन?"

"खालच्या खोलीत पलंगच जेमतेम मावतो, बाबा."

मास्तरांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "उत्तर येईल."

पहिला दिवस दृष्ट लागावी असा गेला. मंगळवारी सकाळी आठला हाक आली, "बाबा?" मास्तरांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "ठीक आहे. रात्री जरा वारं होतं. वहिनींची चादर आपल्या गच्चीत आली होती, ती परत दिली. तिची कडा कच्ची आहे, मी त्यांना बोललो, पण त्या..." आणि असं सात मिनिटं. चिरंजीव खाली एका पायात बूट घालून ताटकळत उभे. पण उत्तर आलं होतं, आणि माझं कामही चोख झालं होतं.

मग बुधवार उजाडला.

मास्तरांना उघडं काही बघवत नाही. खोलीतल्या पाण्याच्या बाटलीला अंगरखा आहे, छत्रीला आहे, कात्रीला तर दोन आहेत, रोजचा आणि ठेवणीतला. आम्ही दोघे दोन दिवस तसेच हिंडतोय हे त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी दोरी हलवून धाकट्याला पिशवीतून वर बोलावलं, दोघांना बंद करून मशीनवर शेजारी शेजारी उभं केलं आणि गळ्यातल्या टेपने मापं घेतली. छाती, कंबर, उंची. माझ्या अँटेनाचंही माप घेतलं आणि "मान लांब आहे," असा शेरा मारला.

माझा कोट आधी झाला. तो नमुन्याचा म्हणून जुन्या अस्तराचा, कच्च्या टाक्यांचा, ढगळ. धाकट्याचा मात्र खरा. जाड, करड्या रंगाचं कोटाचं कापड, दुहेरी शिवण आणि असं फिटिंग, की तो आत घालायला मास्तरांना स्वतःचा गुडघा त्याच्या पाठीला टेकवावा लागला. शिवाय सूनबाईंचे हात स्वयंपाकघरात नेहमी ओले, बोटाला बटण नेमकं सापडायला हवं, म्हणून त्यांनी बोलायच्या बटणाच्या बरोब्बर वर, कोटाच्या आतून, ओव्हरकोटाचं एक मोठं बटण शिवलं. चार छिद्रांचं. मायेने.

"याला म्हणतात फिटिंग," मास्तर म्हणाले.

धाकट्याला नीट श्वासही घेता येईना. घेणार कसा? ते मोठं बटण त्याच्या छोट्या बटणावर छाती रोवून बसलं होतं. चालू केल्या क्षणापासून धाकटा अखंड बोलता झाला. त्याच्या आसपास जे जे होईल, ते ते माझ्याकडे यायला लागलं. आणि तो बोलतोय म्हटल्यावर मी काय करणार? आमचा संस्कार तुम्हाला सांगितलाच आहे.

पिशवी खाली गेली आणि आम्हा दोघांना पुन्हा चालू केलं. माझ्या डोक्यावरचा हिरवा दिवा लागला तो लागलाच. मास्तर म्हणाले, "वा, कोट घातल्यावर तेज आलं."

संध्याकाळी सहाला हाक आली. "बाबा?"

मास्तरांनी बटण दाबलं. "ठीक आहे."

मी म्हणालो, टुक टुक.

"बाबा? ऐकू येतंय का?"

"ठीक आहे म्हटलं ना!"

टुक टुक.

मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि चिरंजीव दारात आले. लाल तोंड, हातात चमचा, छाती भात्यासारखी. मास्तर सुईत दोरा ओवत बसले होते.

"बाबा, उत्तर का नाही दिलं?"

"दिलं की. दोनदा दिलं. तू ऐकलं नाहीस."

"मी कान लावून बसलो होतो!"

"कुणाच्या कानाला?"

गुरुवारी सकाळी तेच झालं, संध्याकाळीही तेच. त्या दिवशी दुपारी मास्तरांनी डब्याच्या पिशवीतून चिठ्ठी पाठवून पाहिली, 'मी ठीक आहे.' संध्याकाळच्या हाकेनंतर चिरंजीवांनी वर येऊन सांगितलं, "चिठ्ठी तुम्ही कधी लिहून ठेवलीय कुणास ठाऊक. आणि पडलात तर पिशवी ओढाल का? तीनदा झालं, बाबा. रविवारी दोन माणसं बोलावतो. पलंग खाली नेऊ."

"यंत्र बिघडलंय. माझा काय दोष?"

"मग रविवारच्या आत ते बोलू लागलं, तर राहा वर."

चिरंजीव गेले. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू! दोष धाकट्याच्या कोटात, तो कोट यांच्याच हातचा, आणि हे सांगायला माझ्याजवळ टुक टुकशिवाय काही नाही.

शुक्रवारी माझ्यावर उपचार सुरू झाले. शेजारच्या वहिनी कठड्यावरून आल्या. दारातून त्या क्वचितच येतात. दोन्ही गच्च्यांच्या मधला कठडा कमरेएवढा आहे, आणि वहिनींना कुणाच्याही घरातलं काही बिघडलं की राहवत नाही. मनाने मात्र सोन्यासारख्या. टाकीपाशी पडलेल्या मास्तरांना त्यांनीच एकटीने उठवून बसवलं होतं.

"आणा बघू इकडे," म्हणून त्यांनी मला घेतलं आणि पाठीत एक चापट मारली. "आमचा मिक्सर असाच आहे. लाडाने ऐकत नाही."

टुक टुक.

मग माझ्या तोंडात फुंकर मारली. मग मला उन्हात पालथं घातलं. मग आत ओल गेली असेल म्हणून तांदळाच्या डब्यात तासभर पुरून ठेवलं. तिथे अंधारात मी एकटा, आणि हिरवा दिवा लागलेला. एक मुंगी येऊन बघून गेली. बॅटरी काढून पुन्हा बसवून झाली. शेवटी वहिनींनी मला तोंडाजवळ धरून, मला नाही तर खालच्या मजल्याला थेट ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून पाहिलं. आवाज पोहोचला, पण मधल्या दोन्ही मजल्यांवरची माणसं खिडकीत आली, आणि चिरंजीवांनी खालून सांगितलं की हे मोजायचं नाही.

"ऐकायला मात्र ठणठणीत येतंय हं याला," वहिनी म्हणाल्या. आणि तो दिवसभर त्या दोघांनी तेच केलं. खाली नळ सुरू झाला, भांडी पडली, सूनबाई गाणं म्हणू लागल्या. सूनबाई बाकी सगळ्यात हुशार, पण सुराशी त्यांचं जमत नाही. त्या गात होत्या आणि वर मास्तर त्या तालावर पायमशीन चालवत होते. एकदा चिरंजीवांनी मास्तरांच्या चालण्याची नक्कल केली असावी, कारण चप्पल एक पाय ओढत वाजली आणि सूनबाई पोट धरून हसल्या. मास्तर म्हणाले, "डावा नाही रे, उजवा."

त्यांना वाटत होतं, ही यंत्रं अशीच असतात. खालचं घर दिवसभर वर ऐकू येणारच, त्यासाठीच तर आणली. आणि खरं सांगू का, त्यांना ते आवडत होतं. बायको गेल्यापासून त्या खोलीत मशीनखेरीज कुणाचा आवाज नव्हता.

पण सगळंच ऐकण्यासारखं नसतं. त्या संध्याकाळी धाकट्याकडून आलं, "मशीनचं काय करायचं गं? देऊन टाकू कुणाला तरी." चिरंजीवांचा आवाज. सूनबाईंनी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. मास्तरांचा पाय मशीनवरच थांबला.

शनिवारी दुपारी वहिनी नवा विचार घेऊन आल्या. "मास्तर, हे डोक्यावरचं चाक फिरवून बघितलंत का? रेडिओचं नाही का आपण फिरवत?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी माझं चाक फिरवलं. एक, दोन, तीन... सात. आमचा नंबर सुटला आणि मी दचकलो. हिरवा दिवा विझला! वाट मोकळी! चार दिवसांत पहिल्यांदा कुणीही बोलत नव्हतं. मास्तरांनी सवयीने बटण दाबलं, "ठीक आहे," म्हणाले, आणि माझ्या तोंडून ते शब्द सरळ बाहेर गेले.

"कोण बोलतंय?" पलीकडून खरखरीत आवाज आला. "क्रेनवाला आहेस का? काय ठीक आहे? अजून गोणी बांधायच्यात!"

मास्तर ताठ झाले. "मी टेलर मास्तर बोलतोय. आपण कोण?"

"मी मुकादम. इथे अकरा मजल्यांचं बांधकाम चाललंय, काका. टेलर नकोय आम्हाला."

"अहो, यांना ऐकू गेलं!" वहिनी ओरडल्या. त्याही मुकादमाला ऐकू गेल्या. "दादा, फोन ठेवू नका! आमचं हे मशीन घरात बोलत नाही, नुसतं टुक टुक करतं."

मुकादम भला माणूस. त्याने आधी कुणाला तरी "गोणी खाली घे रे" म्हणून सांगितलं आणि मग आमच्याकडे वळला. "तुमच्या नेहमीच्या नंबरावर हिरवा दिवा लागतो का?"

"लागतो की. सारखा. चालू असल्याचा दिवा आहे तो."

"नाही काका. तो समोरचा बोलत असला की लागतो. सारखा लागतोय म्हणजे समोरच्या मशीनचं बटण कुणीतरी दाबून बसलंय. ते दाबलेलं असेपर्यंत तुमचं काही खाली जायचं नाही. आमचा वॉचमन मांडीखाली घेऊन बसतो तेव्हा इथेही हेच होतं. परवा सगळ्या साइटने दोन तास त्याचं घोरणं ऐकलं. तुमचं मशीन धडधाकट आहे. ज्याच्या हातात दुसरं आहे, त्याला बोट उचलायला सांगा."

देव त्याचं भलं करो! मी आनंदाने थरथरलो असतो, पण मला तशी सोय नाही. मला वाटलं, आता मास्तर ओळखतील.

मास्तरांनी ओळखलं, पण भलतंच.

वहिनी चाक पुन्हा आमच्या नेहमीच्या नंबरावर आणून गेल्या, आणि ते पलंगावर जाऊन बसले. मग मला म्हणाले, "मुद्दाम दाबून बसलेत. म्हणजे मला खाली नेता येईल." मशीनवर त्यांनी कापड झाकलं. माझ्यातून सूनबाईंचं गाणं येत होतं. त्यांनी उशी उचलली आणि माझ्या तोंडावर ठेवली. त्या उशीखाली मी काय काय विचार केले ते सांगत नाही. पण आपल्याला बोलता येतं आणि तरी सांगता येत नाही, ही काय अवस्था असते ते मला विचारा.

रविवारी सकाळी त्यांनी उशी काढली. आठ वाजत आले होते. खाली चिरंजीव बोलत होते.

"दोघं दहाला येतील. आधी पलंग, मग कपाट."

"आणि मशीन?" सूनबाईंनी विचारलं.

"बघू नंतर."

"तुमचं 'बघू नंतर' मला माहितीये. अहो, मी चार दिवस गप्प बसले कारण मला ते नीट शब्दांत मांडता येत नव्हतं. आता ऐका. मशीन सुटलं तर बाबा खाली येतील, वेळेवर जेवतील आणि भिंतीकडे बघत बसतील. पडले तर आपण उचलू. तसे बसले तर कसं उचलणार?"

वर मास्तरांनी मला दोन्ही हातांत धरलं होतं.

"मग मी काय करू?" चिरंजीव म्हणाले. "त्यांचा सेट बोलत नाही ना!"

"आपला तरी कुठे धड आहे? सारखा तापतो. चार्जिंग दुपारपर्यंत पुरत नाही. आणि हा कोट! चार्जिंगची पिन लावायला रोज तो खालून वर ओढायचा म्हणजे माझं एक नख जातं. इतका घट्ट आहे की आत बिचाऱ्याचा जीव गुदमरत असेल."

"मग सांग ना बाबांना, घट्ट झालाय म्हणून."

"तुम्ही सांगा! लग्नातल्या पँटबद्दल सांगितलं होतंत का? जेवणाची पंगत उभ्याने जेवलात."

"त्यांना फिटिंगचं काही सांगायचं नसतं," चिरंजीव हळूच म्हणाले. "गिऱ्हाइकांना काय सांगायचे आठवतंय ना? कपडा बरोबर आहे, तुम्हीच अंगाने भरलात."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने माझ्या ढगळ कोटावरून बोलायचं बटण चाचपलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीही चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही.

"चार छिद्रांचं," ते पुटपुटले.

त्यांनी शिवण उसवायची बारीक कात्री उचलली, माझा आवाज अगदी बारीक करून मला गळ्यात अडकवलं आणि जिन्याकडे निघाले. शेजारून वहिनींनी विचारलं, "मास्तर, गुडघा घेऊन कुठे निघालात?"

"माप घ्यायला!"

वहिनी कठडा ओलांडून मागे आल्या, हे सांगायला नकोच.

चोपन्न पायऱ्या. प्रत्येक पायरीवर मास्तर "आई गं" म्हणत होते, आणि मी त्यांच्या छातीवर आपटत होतो. स्वयंपाकघराच्या दारात आम्हाला बघून चिरंजीवांच्या हातातला कप तिरका झाला.

"बाबा! तुम्ही खाली कसे आलात?"

मास्तर सरळ फ्रिजपाशी गेले. धाकटा तिथे उभा होता, करड्या कोटात, तापून लाल. त्यांनी त्याला उचललं, फिरवलं, कोटावरून बोट फिरवलं, आणि सगळ्यांकडे पाठ करून म्हणाले, "घट्ट झालाय."

चिरंजीवांनी सूनबाईंकडे पाहिलं. वहिनींनी दाराला धरलं.

सूनबाई पुढे आल्या. "छे हो बाबा," त्या म्हणाल्या, "कोट अगदी बरोबर आहे. सेटच जरा अंगाने भरलाय."

आधी वहिनी फुटल्या, मग चिरंजीव, आणि शेवटी मास्तरांचे खांदे हलायला लागले. डोळे पुसत ते म्हणाले, "नाही. शिवण माझी चुकली. बटण भलत्या जागी बसलं." आणि त्यांनी कात्रीने कच्चकन दोरा तोडला. ओव्हरकोटाचं बटण कोटातून निसटून जमिनीवर पडलं आणि गडगडत फ्रिजखाली गेलं.

माझा हिरवा दिवा विझला.

मास्तरांनी माझं बटण दाबलं आणि तोंड उघडलं. पण आम्ही दोघे भाऊ हातभर अंतरावर, आणि चार दिवसांनी भेटलेलो. आम्ही दोघांनी मिळून अशी किंकाळी फोडली की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. यंत्रं शेजारी धरून बोललं की तसं होतं म्हणतात. म्हणोत.

जरा शांत झाल्यावर सूनबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबा... हा बुधवारपासून चालूच होता? तुम्ही वर सगळं ऐकत होतात?"

"सगळं नाही," मास्तर म्हणाले. "नळ चालू असला की नीट कळत नव्हतं."

"माझं गाणं?"

"ते नळातूनही कळत होतं."

चिरंजीव आपल्या चपलांकडे बघत उभे राहिले. मास्तर त्यांना म्हणाले, "उजवा पाय ओढतो मी. नक्कल करायची तर बघून करावी."

तेवढ्यात दारावर थाप पडली. पलंग उचलायला बोलावलेली दोन दांडगी माणसं आली होती. चिरंजीवांनी त्यांच्याकडे पाहिलं, वडिलांच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग एक खुर्ची पुढे ओढली.

"पलंग राहू दे," ते म्हणाले. "हे वर न्यायचे आहेत."

आणि मास्तर खुर्चीत बसून, मला मांडीवर घेऊन, चोपन्न पायऱ्या वर गेले. मधल्या मजल्यांवरची माणसं पुन्हा दारात आली. वहिनी पुढे चालून सगळ्यांना बाजूला करत होत्या.

संध्याकाळी सहाला हाक आली. "बाबा?"

"ठीक आहे." मास्तरांनी बोट उचललं. खालून चिरंजीव म्हणाले, "बरं," आणि त्यांनीही बोट उचललं. मी कृतार्थ झालो. यासाठीच तर आमचा जन्म!

मास्तर मशीनवर बसले. चार टाके घातले आणि थांबले. पुन्हा चार घातले. खोली अगदी गप्प होती. नळ नाही, भांडी नाहीत, बेसूर गाणं नाही. त्यांनी मला उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग बटण दाबून, घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई... तो कोट फेकला तर नाहीस ना?"

कोट फेकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पिशवीतून फ्रिजखालचं ते बटणही वर आलं, आणि मास्तरांनी ते होतं तिथेच, त्याच जागी पुन्हा शिवलं. धाकट्याला आता दोन कोट आहेत. रोजचा ढगळ, आणि हा घट्ट. दुपारी चारला, स्वयंपाकघरात सूनबाईंची कामं सुरू झाली की त्या धाकट्याला घट्ट कोट चढवतात आणि पाचला काढतात. त्या तासात भांडी वाजतात, नळ वाहतो, गाणं होतं. मधेच त्या विचारतात, "बाबा, उद्या भाजी कुठली करू?" त्यांना उत्तर ऐकू येणार नाही हे मास्तरांना ठाऊक आहे, तरी ते बटण दाबून उत्तर देतात. मी म्हणतो, टुक टुक. आता मला कुणी तांदळात पुरत नाही.

माझा कोट अजून कच्च्या टाक्यांचाच आहे. मास्तर रोज म्हणतात, तुझंही फिटिंग करून टाकू एकदा. तुमची मास्तरांशी ओळख असेल तर तेवढं मात्र होऊ देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. आणि तुमच्या घरात असे दोघे भाऊ असतील, एक मुका झाला असेल, तर त्याच्या पाठीत चापट मारण्याआधी दुसऱ्याला बघून या. तो कुणाच्या तरी मांडीखाली असेल, नाहीतर नव्या कोटात.

सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे. परवा वहिनी आणि तो मुकादम सात नंबरवर काय बोलत होते, तेही मी ऐकलंय. पण चार वाजले, खाली धाकटा कोटात शिरतोय, माझा हिरवा दिवा लागला. आता तासभर माझं तोंड बंद.